जुन्या मैफली उघड्या करायच्या का? आणि नव्या सिनेमाची लिंक?

सांजमारवा (धागाकर्ती)

आमच्या गावात एक जुनं म्युझिक सर्कल आहे आणि मी त्याच्या कार्यकारिणीवर काम करते. सर्कलच्या कपाटात स्पूलं म्हणजे ध्वनिफितीची जुनी मोठी रिळं आहेत, नंतरच्या काळातल्या कॅसेटी आहेत. महिन्याच्या बैठका, गुरुपौर्णिमा, आणि एखाद्या मोठ्या कलाकाराचा मुक्काम पडला की रात्रभर चाललेल्या मैफली, असं सगळं त्यात आहे. गेल्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला ओल आली आणि काही कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली. तेव्हा सगळं संगणकावर उतरवून घ्यायचं ठरलं. त्यापाठोपाठ प्रश्न आलाच: यूट्यूबवर टाकायचं का?

बैठकीत यावर खूप वेळ बोलणं झालं. कलाकाराने परवानगी दिली ती सर्कलपुरती, जगासाठी नाही, असं काहींचं म्हणणं. वारसांना विचारल्याशिवाय एक मिनिटही बाहेर जाता कामा नये, असं इतरांचं. सगळे पोटतिडकीने बोलत होते. त्याच रात्री त्याच सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकत्याच लागलेल्या एका मराठी सिनेमाची टेलिग्राम लिंक आली. दुपारी परवानगीचा मुद्दा ज्यांनी लावून धरला होता त्यांच्यापैकीच एकांनी खाली लिहिलं, ‘धन्यवाद, प्रिंट चांगली आहे.’

ही माणसं वाईट नाहीत, मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते. ज्या गवयाला आपण स्टेशनवरून घरी आणलं, ज्यांना आग्रह करकरून वाढलं, त्यांना न विचारता काही करणं जिवावर येतं. सिनेमा करणारी शंभर-दीडशे माणसं मात्र आपल्या उंबऱ्यावर कधी आलेली नसतात, त्यामुळे त्यांना विचारायचं असतं हेच सुचत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जे आज बाजारात आहे, ज्याच्या तिकिटावर कुणाचं तरी पोट आहे, त्याची लिंक पुढे ढकलणं ही चोरी आहे. ‘मी नुसतं फॉरवर्ड केलं’ ही सबब मला मान्य नाही. पण जे कुणी विकत नाही, जे मागूनही मिळत नाही आणि कपाटात बुरशी खातंय, ते कुलपात ठेवणं हाही अन्यायच आहे. ऐकणाऱ्यावर आणि गाणाऱ्यावरही. दोन्ही गोष्टी एकाच हिशेबात धरल्या की एकीच्या पुण्याईवर दुसरी खपून जाते.

आता जिथे मी स्वतः अडले आहे ते सांगते. नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. कार्डावर निळ्या शाईत गायकाचं नाव, तारीख, पूरिया कल्याण, मग ठुमरी. तबलजींचं नाव नाही. मशीनचा वेग चुकलेला असल्यामुळे काळी एकला गाणारे बुवा अर्धा सूर चढून पांढरी दोनला ऐकू येतात. द्रुत ऐन रंगात असताना बाजू संपते, आणि कॅसेट उलटून लावेपर्यंतचं गाणं गेलेलं आहे. ठुमरीच्या आधी बुवा थांबतात आणि म्हणतात, आज घसा साथ देत नाही, सांभाळून घ्या. हे त्यांनी समोर बसलेल्या चार ओळखीच्या माणसांना सांगितलं होतं. आज ते कुणाच्याही कानावर जाईल. बुवा नाहीत. घरच्यांचा पत्ता मिळालाय, अजून बोलणं झालेलं नाही.

तुम्ही काय कराल?

पडद्यामागचा

सांजमारवाताई, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर आधी बोलतो, कारण माझा संसार त्यावर चालतो. मी मराठी सिनेमांना लोकेशन साउंड करतो, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी आवाज मुद्रित करतो.

मराठी सिनेमाचं आयुष्य शुक्रवार ते रविवारमध्ये ठरतं. पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत तर पुढच्या आठवड्यात शो कमी होतात, उरलेला एखादा शो सकाळच्या आडवेळेला जातो आणि मग बोर्डच उतरतो. शनिवारी लिंक फिरली तर ज्यांनी रविवारी सहकुटुंब जायचं ठरवलं होतं ते घरी बसतात. आपलं एक तिकीट गेल्याने काय होतं, असं ज्याला त्याला वाटतं. निर्मात्याला मात्र रविवार संध्याकाळचं अख्खं सभागृह रिकामं दिसतं.

मोठा निर्माता हे सोसतो. छोट्याने कर्ज काढलेलं असतं, आणि आमच्यासारख्यांच्या मानधनाचा शेवटचा हप्ता बहुतेक वेळा ‘प्रदर्शनानंतर’ असा ठरलेला असतो. सिनेमा पडला की तो हप्ता मागायला गेलेल्या माणसाला स्वतःलाच लाज वाटते, कारण समोरच्याकडे खरोखरच पैसे नसतात. मी स्वतः दोनदा न मागता परत आलो आहे.

प्रत फुटते कुठून हेही सांगतो. थिएटरात मोबाईल धरून केलेली प्रत आता डिजिटल प्रोजेक्शनमुळे पकडता येते; चित्रात आणि आवाजात अदृश्य खूण असते, तीवरून कोणत्या पडद्यावर, किती वाजता चोरी झाली ते कळतं. पण कधी घरभेदीच असतो. २०१६ साली ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या आधीच फुटला, आणि त्या प्रतीवर सेन्सॉरसाठीची असल्याची खूण होती.

बालाघाटचा

दोन्ही पोस्टी वाचल्या. दोघांविषयी आदर ठेवून असहमती नोंदवतो.

आमच्या बीडकडच्या तालुक्याचं टॉकीज बंद पडलं, तिथे आता मंगल कार्यालय आहे. सिनेमा बघायचा तर जिल्ह्याला जायचं. एसटीचं भाडं तिकिटापेक्षा जास्त, आणि रात्रीचा शो बघितला तर परतीला गाडी नाही. शाळेत असताना मोबाईल शॉपीवाल्याकडे मेमरी कार्ड दिलं की तो वीस रुपयांत भरून द्यायचा, गाणी, सिनेमे, भजनं, सगळं. त्या कार्डात कुणीतरी चुकून एक जुना शास्त्रीय संगीताचा फोल्डर टाकला होता. त्यातला भीमपलास ऐकून मी पेटी शिकायला लागलो. गुरुजी भेटले ते फार नंतर. आज मी शाळेत संगीत शिकवतो.

तो फोल्डर ज्याने पहिल्यांदा इंटरनेटवर टाकला त्याने कुणाचीही परवानगी घेतली नसणार. त्याला मी चोर म्हणू शकत नाही. सर्कलच्या सभासदांना तिकीट परवडतं, थिएटर दहा मिनिटांवर असतं. त्यांनी लिंक फिरवणं आणि माझ्यासारख्याने वीस रुपयांत कार्ड भरून घेणं एकाच तागडीत तोलू नका. आणि मैफलींचं म्हणाल तर टाका, आजच टाका. तुम्ही परवानग्या गोळा करेपर्यंत बुरशी थांबायची नाही.

पडद्यामागचा

बालाघाटचा, तुमचं म्हणणं पटलं. टॉकीज गेलं हा आमच्या धंद्याचा दोष आहे, प्रेक्षकाचा नाही. माझा राग ज्याच्या घरात तीन ओटीटींची वर्गणी भरलेली आहे आणि तरीही जो ‘लिंक पाठवा ना’ म्हणतो त्याच्यावर आहे. एवढंच विचारतो, त्या कार्ड भरून देणाऱ्याने तुमच्याकडून वीस रुपये घेतलेच ना? पैसे तुम्ही दिलेत. ते गाणाऱ्यापर्यंत पोचले नाहीत.

कलम_बावन्न

वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं सांगते. लोक इथे फार गोंधळतात.

१९५७च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४पर्यंत प्रकाशित झालेल्या तबकडीवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपला. पण त्या तबकडीतले शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा असतो, तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६मध्ये प्रसारित झालं, म्हणून ते आता सर्वांचं झालं असं पुष्कळांना वाटतं. गदिमा १९७७मध्ये गेले, त्यामुळे शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. बाबूजी २००२मध्ये गेले, चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत.

मैफलीची गोष्ट आणखी वेगळी. ती कधी प्रकाशितच झालेली नसते, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं घड्याळ सुरूच झालेलं नसतं. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क आहे. तो आपल्याकडे १९९४च्या दुरुस्तीने आला. त्याआधी देव आनंद यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अभिनेत्याला आपल्या अभिनयावर प्रताधिकार नाही असं म्हटलं होतं. आज हा हक्क सादरीकरणानंतर ५० वर्षं चालतो. खाजगी ऐकण्यासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी मैफल ध्वनिमुद्रित केली तर या हक्काचा भंग होत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. यूट्यूब त्यात बसत नाही.

आणि फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी: कलम ६३ ‘जाणूनबुजून भंग’ आणि ‘त्याला साहाय्य’ दोन्हींना लागू होतं. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. सिनेमाच्या चोरीसाठी २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद झाली.

कायदा एवढा कडक असूनही लिंका फिरतात, कारण हा गुन्हा आहे असं कुणाला मनातून वाटतच नाही. ते वाटणं कायद्याने येत नाही. त्यासाठी पडद्यामागचा यांनी लिहिलंय तसं लिहायला हवं.

लाखेची_तबकडी

मी आयुष्यभर तबकड्या आणि खाजगी ध्वनिमुद्रणं जमवत आलो. आम्हा संग्राहकांचा एक अलिखित नियम आहे: एकमेकांना ऐकवायचं, नक्कल द्यायची ती शब्द घेऊन, आणि पुढे द्यायची नाही. बाहेरच्यांना ही अडवणूक वाटते. पण या नियमामुळेच अनेक कलाकारांनी आम्हाला समोर यंत्र ठेवू दिलं. गाणं बाजारात जाणार नाही, हा विश्वास होता. तो मोडला असता तर ही ध्वनिमुद्रणं झालीच नसती. सांजमारवा, तुमच्या कपाटातलं धनही त्या विश्वासावर जमलंय, हे ‘अन्याय’ म्हणताना लक्षात घ्या.

जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही, भास्करबुवा बखल्यांचंही नाही. घराणं शिष्यांच्या गळ्यातून पुढे आलं, आवाज गेला. मला त्याचं दुःख रोज होतं. पण कलाकाराचं ‘नको’ आपण आपल्या हावेपायी मोडायचं का?

आणि एक. कॅसेटीवरून थेट ऑनलाइन टाकू नका. आज यूट्यूबवर चढ्या वेगातल्या मैफली आहेत, त्या ऐकून मुलं चुकीच्या पट्टीत आणि चुकीच्या लयीत शिकतायत. चुकीचा राग, चुकीचं नाव, भलत्याच वर्षाची मैफल, असा माल तिथे भरपूर आहे. कलाकाराची परवानगी घेऊन असलं टाकलंत तरी तो त्यांचा अपमानच.

म्हार्दोळची_अबोली

तबकडीकाका, ‘नको’वरून गायिका केसरबाई केरकरांची आठवण झाली. आमच्या गोव्यातल्या केरीच्या. आपलं गाणं कुठे, कुणासमोर आणि कसं ऐकलं जावं याबाबत त्या किती कडक होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ती निवडली गेली तेव्हा ती तबकडी बाजारात मिळतच नव्हती. शोधशोध करून अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. तबकडी कंपनीने काढलेली, परवानगीने झालेली, म्हणजे सगळं नियमानुसार होतं. तरीही ती त्या दुकानातल्या खोक्यामुळेच मिळाली. विकणारा विकत नाही आणि दुसऱ्या कुणी दिली तर चोरी, ही परिस्थिती मला मान्य नाही. कलाकाराने ‘नको’ म्हणणं वेगळं आणि कंपनीने ‘खपत नाही’ म्हणून बंद करणं वेगळं. पहिल्यापुढे मी मान झुकवते, दुसऱ्यापुढे नाही.

न्यूजर्सीकर

इकडची बाजू थोडक्यात. बरेच मराठी सिनेमे इथे थिएटरला येत नाहीत आणि ओटीटीवर ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी दिसते. आमचं मंडळ काही सिनेमांचे शो लावतं. निर्मात्याला फोन करून रक्कम ठरवायची, हॉल घ्यायचा, तिकीट लावायचं. लोक येतात, मुलांना घेऊन येतात. पण त्याच मंडळातल्या लोकांकडे सगळ्या सिनेमांच्या फायली भरलेली हार्ड डिस्कही असते आणि ती घरोघर फिरते. पैसे द्यायची तयारी आहे, ते द्यायला खिडकी नाही. पडद्यामागचा, तुमच्या निर्मात्यांना सांगा, परदेशी मंडळांसाठी एक साधा ईमेल पत्ता तरी पोस्टरवर छापा.

झपताल

सगळा धागा वाचला. परवानगी कुणाची यावर एवढं लिहिलं गेलं. गायकाची, वारसांची, कंपनीची. सांजमारवांनी पहिल्याच पोस्टीत ‘तबलजींचं नाव नाही’ असं लिहिलंय, त्यावर कुणी थांबलं नाही.

मी तबला वाजवतो. माझ्या तरुणपणच्या कितीतरी मैफली आज ऑनलाइन आहेत. खाली गायकाचं नाव, राग, गाव, सगळं असतं. माझं, पेटीवाल्याचं, तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचं नाव नसतं. एका मैफलीखाली दुसऱ्याच तबलजीचं नाव आहे आणि शेकडो लोक त्यांना दाद देतायत. मी प्रतिक्रिया लिहिली, काही झालं नाही.

पैसे मला नकोत. त्या मैफलीची बिदागी मला तेव्हाच मिळाली होती, ती पुरेशी होती का हा वेगळा विषय. पण माझ्या नातवाने आजोबांचं नाव टाकून शोधलं तर ती मैफल त्याला सापडणार नाही. नाव चुकवणं ही माझ्या मते लिंक फिरवण्याइतकीच मोठी चोरी आहे, आणि ती करणारे सगळे संगीतप्रेमी आहेत.

कलम_बावन्न

झपतालजी, हे कायद्यातही आहे. २०१२च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर आपलं नाव लागण्याचा हक्क दिला, आणि आपल्या कलेची मोडतोड करून ती वापरली तर आक्षेप घेण्याचाही. सादर करणारा म्हणजे फक्त गायक नव्हे. साथीदारही त्यात आला. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला की तो करारात लिहून देऊनही सोडता येत नाही. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते.

बालाघाटचा

झपताल, तुमची पोस्ट वाचून माझ्या पहिल्या प्रतिसादातला ‘आजच टाका’ हा शब्द मागे घेतो. त्या फोल्डरमधल्या भीमपलासला तबला कुणाचा होता हे मला आजही माहीत नाही, आणि मी ती लय ऐकूनच शिकलो.

पण तबकडीकाका, तुमच्याशी अजून भांडण आहे. तुमचा शब्द घेऊन द्यायचा नियम ओळखीच्यांपुरता चालतो. शहरात, योग्य घरात, योग्य गुरूकडे असलेल्या मुलाला ती नक्कल मिळते. माझ्या वर्गातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला कोण देणार? तुमच्यानंतर तुमच्या संग्रहाचं काय होणार हेही लिहा. विचारताना हात जोडतो, पण विचारतोच.

लाखेची_तबकडी

प्रश्न रास्त आहे. घरात यात कुणाला रस नाही. एखाद्या अभिलेखागाराला द्यायचं मनात आहे. गुरुग्रामचं ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’चं केंद्र १९८२पासून हेच काम करतंय. देणाऱ्याच्या अटी पाळून ते जपतात आणि तिथे जाऊन ऐकता येतं. ‘तिथे जाऊन’वर तुम्ही बोट ठेवाल हे कळतं. बीडहून गुरुग्रामला कोण जाणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

संस्थेत ठेवलं म्हणजे सुरक्षित राहिलं असंही नाही. २००३च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या सिनेमांची किती रिळं गेली. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज नाही. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू जाते, हे मला पटत चाललंय.

सांजमारवा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीपुढे हा धागा वाचून दाखवला. झपताल यांची पोस्ट वाचून झाल्यावर आमचे जुने पेटीवादक उठून कपाटाकडे गेले आणि कार्डं चाळून कोणत्या मैफलीला कोण साथीला होतं ते सांगायला लागले. आम्ही लिहून घेतोय. त्यांचं वय पाहता हे काम आधी, फिती नंतर.

ठरलं ते असं. प्रत्येक मैफलीतल्या सगळ्या कलाकारांची नावं लागल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. हयात कलाकारांना आणि वारसांना पत्र जाईल, त्यात नुसतं ‘चालेल का’ न विचारता पूर्ण ऐकून झाल्यावरच होकार द्या असं लिहू, आणि उतरवलेली प्रत पत्राबरोबरच देऊ. होकार असो वा नकार, ती प्रत त्यांचीच. नकार आला तर ते ध्वनिमुद्रण सर्कलच्या खोलीत ऐकायला ठेवू, आणि बालाघाटचा, तुमच्या विद्यार्थिनीला एसटीचं भाडं सर्कल देईल, हे काल मंजूर झालं. जिथे कुणाचाच पत्ता लागत नाही तिथे मतभेद आहेत. मी टाकायच्या बाजूची आहे, कुणी हरकत घेतली की त्याच दिवशी उतरवायचं. अध्यक्ष विरोधात आहेत. हे अजून भांडायचं आहे.

बुवांच्या मुलीशी बोलले. ‘घसा साथ देत नाही’ हे वाक्य काढून टाकू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, काढायचं नाही, बाबा असेच बोलायचे. आणि तबलजींचं नाव त्यांना पाठ होतं.

सिनेमाची लिंक मी ग्रुपवरून काढायला लावली. दोघं नाराज आहेत, एकांनी ग्रुप सोडला. येत्या रविवारी सर्कलतर्फे तिकिटं काढून सगळे जातोय.

आता कामाचं: स्पूल वाजवायचं चालू स्थितीतलं मशीन हवंय, सेकंदाला पावणेचार आणि साडेसात इंच अशा दोन्ही वेगांचं. सांगली-कोल्हापूरकडे कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. भाडं देऊ.

लाखेची_तबकडी

माझं घेऊन जा, भाडं नको. पण बुरशी लागलेली फीत थेट लावू नका, आधी पूर्ण कोरडी होऊ द्या, मग हलक्या हाताने पुसा, आणि प्रत्येक रिळानंतर मशीनचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. उतरवताना २४ बिट वेव्ह फाइलच ठेवा, एमपीथ्री नंतर करता येते. वेग मात्र कानाने ठरवू नका; तंबोऱ्याची पट्टी कुणाला आठवत असेल तर ती आधी विचारा. व्यनि करतोय.